निबंध मुलाचा, आवाज कुणाचा?

सहावीतली मुलगी शाळेतून येते, दप्तर टाकते आणि रिक्षात काय झालं ते हातवारे करत सांगायला लागते. काकांनी ब्रेक कुठे मारला, कुणाचा डबा सांडला, मग कोण कुणावर चिडलं. ऐकणाऱ्याला हातातलं काम ठेवावं लागतं. तीच मुलगी संध्याकाळी निबंधाची वही उघडते आणि लिहिते, 'पावसाळा हा माझा आवडता ऋतू आहे. पाऊस पडला की धरणीमाता हिरवा शालू नेसते.' पुढच्या बाकावरच्या मुलाच्या वहीतही हाच शालू असतो.

त्यात आता मोबाइलची भर पडली आहे. चॅटजीपीटीसारखं साधन हा निबंध काही सेकंदांत लिहून देतं. मग पालक दोन प्रश्न विचारतात. मुलांनी स्वतः लिहायचंच कशाला? आणि लिहिलेलं त्यांचंच आहे हे ओळखायचं कसं? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीपाशी येतं. तिला लेखनाचा आवाज म्हणतात.

## आवाज म्हणजे नेमकं काय?

जिन्यावरच्या पावलांवरून घरातलं कोण आलं ते आपल्याला दार उघडण्याआधीच कळतं. तसंच नाव झाकून मजकूर वाचला आणि 'हा अमक्याचाच' असं कळलं, तर त्या मजकुराला आवाज आहे. अलंकार, म्हणी, सुविचार यांच्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

एक नमुना घेऊ. नाशिकमध्ये गोदावरीचा पूर किती चढला ते लोक पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवरून ओळखतात. तिथल्या सराफ बाजाराजवळ राहणारा एखादा मुलगा पावसाबद्दल असं लिहू शकतो: 'गंगापूर धरणातून पाणी सोडलं की पप्पा मला दुतोंड्या मारुती बघायला पाठवतात. पाणी गुडघ्याला असलं तर दुकान चालू. कमरेला लागलं की खालच्या फळीवरची खोकी वर. छातीला लागलं तर आई स्वतः येते आणि मग कुणी बोलत नाही.'

या चार ओळींत एकही उपमा नाही, पण त्या दुसऱ्या कुणी लिहिल्या असत्या असं वाटत नाही. मुलाने हजार गोष्टींतून नेमकी मारुतीची उंची निवडली. 'सामान हलवलं' असं न म्हणता 'खालच्या फळीवरची खोकी' म्हटलं. गुडघा, कंबर, छाती हा क्रम त्याला कुणी दिला नाही, तो पुरानेच दिला. आणि 'मग कुणी बोलत नाही' हे त्या घरात राहणाऱ्यालाच माहीत असतं. आवाज घडतो तो असा: काय निवडलं, कोणत्या शब्दात सांगितलं, कोणत्या क्रमाने सांगितलं आणि कुणाला सांगितलं. यातली शेवटची गोष्ट बाकीच्या तिन्ही ठरवते.

## मग तो वहीत का उतरत नाही?

सीबीएस बसस्थानकावर उतरलेल्या पाहुण्याला तुम्ही फोनवर घरचा पत्ता सांगता, तेव्हा बोलणं आपोआप नेमकं होतं. कुठे वळायचं, कोणती टपरी लागेल, कुत्रं असलं तरी घाबरू नका. पाहुण्याला रस्ता माहीत नसतो आणि तो चुकला तर तुम्हाला फिकीर असते. आता तोच पत्ता वीस वर्षं शेजारी राहिलेल्या माणसाला सांगायचा आहे, आणि बरोबर सांगितला तर दहापैकी गुण मिळणार आहेत, असं समजा. तुम्ही पाठ केल्यासारखं बोलाल.

निबंधाच्या वहीत मुलाची हीच गत होते. वाचक एकच, शिक्षक, आणि पावसाळा त्यांना आधीच ठाऊक. त्यांना उत्तर हवं आहे हे मूल ओळखतं आणि सर्वांत सुरक्षित उत्तर शोधतं. ते गाइडात असतं. मूल आळशी नाही. समोर बसलेल्या वाचकाप्रमाणे ते अगदी शहाणपणाने वागत असतं. म्हणून 'मनापासून लिही', 'स्वतःच्या शब्दांत लिही' असं कितीही सांगितलं तरी फरक पडत नाही. वाचक बदलावा लागतो.

## खरा वाचक आणायचा कुठून?

जुना आणि स्वस्त मार्ग म्हणजे भित्तिपत्रक: मुलांनी लिहिलेला मजकूर दर आठवड्याला वर्गाबाहेरच्या भिंतीवर. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात साने गुरुजींनी मुलांसाठी हाताने लिहिलेलं 'छात्रालय दैनिक' चालवलं होतं. फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकाने १९२० च्या दशकात वर्गातच छोटं छपाईयंत्र आणलं. मुलांनी स्वतः अक्षरांचे खिळे जुळवून आपले मजकूर छापले आणि ते दुसऱ्या शाळेतल्या मुलांना पाठवले. साधनं निराळी, पण ज्याला आपली गोष्ट माहीत नाही असा कुणीतरी ती वाचणार आहे, एवढी खात्री दोन्हीकडे मुलांना होती.

भित्तिपत्रकाला लागतं ते एवढंच: २२ बाय २८ इंची कार्डशीट, ए-फोर कागद मधोमध कापून केलेले अर्धे तुकडे, दोरी आणि कपड्यांचे चिमटे. कार्डशीट आडवं धरलं तर त्यावर असे आठ तुकडे बसतात, चार वर आणि चार खाली. उरलेल्या पट्टीत पत्रकाचं नाव आणि तारीख. अर्ध्या कागदावर मुलांच्या अक्षरात ८० ते १२० शब्द मावतात आणि पाचवी ते आठवीसाठी ते पुरेसे आहेत. वर्गात ४० मुलं असतील तर पाच आठवड्यांत प्रत्येकाची पाळी येते. दोन कार्डशीटं लावली तर अडीच आठवड्यांत.

कागद चिकटवू नका. खळीवर कसर आणि झुरळं येतात. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात कार्डशीट पोटातून फुगतं आणि जेल पेनची शाई ओघळते. चिमट्याला लावलेला बॉलपेनचा मजकूर टिकतो, आणि आठवड्याने मूल तो काढून घरीही नेऊ शकतं. कार्डशीटचा मध्य जमिनीपासून साधारण चार फुटांवर हवा. बहुतेक शाळांत फलक मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर असतात, म्हणून मुलं ते वाचत नाहीत.

## तासात काय करायचं?

पहिला तास यादीचा. प्रत्येक मूल वहीच्या शेवटच्या पानावर दहा गोष्टी लिहितं, ज्या त्याला माहीत आहेत आणि बाईंना माहीत नाहीत. विषय फळ्यावर द्यायचा नाही. 'आवडता सण' दिला की ४० दिवाळ्या येतात. यादीतून मात्र रंगपंचमीच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, धप्पा (उडी) मारताना नाक का धरावं लागतं, येवल्यात मागासाठी कांड्या कशा भरतात, कांदाचाळीतला सडका कांदा हात न लावता वासावरून कसा कळतो, असं काहीही निघतं.

दुसऱ्या तासाला यादीतली एक गोष्ट घेऊन १५ मिनिटं सलग लिहायचं. खोडायचं नाही, रबर दप्तरात. शब्द आठवला नाही तर तिथे रेघ ओढून पुढे जायचं. या पंधरा मिनिटांत शिक्षकांनीही बसून स्वतःचं काही लिहावं, बाकांमधून फिरू नये. पाठीमागे कुणी उभं राहिलं की मुलाचं वाक्य लगेच निबंधाचं होतं.

तिसरा तास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि वेळ नाही म्हणून नेमका तोच गाळला जातो. मुलं जोडीने बसतात. एक आपला मजकूर मोठ्याने वाचतो, दुसरा पेन खाली ठेवून ऐकतो. मग ऐकणारा तीनच गोष्टी सांगतो: मला डोळ्यांसमोर काय दिसलं, कुठे समजलं नाही, आणि आणखी काय ऐकायचं आहे. चूक दाखवायची नाही, सल्ला द्यायचा नाही. 'खोकी वर ठेवली म्हणजे कुठे?' असं कुणी विचारलं की लिहिणाऱ्याला पहिल्यांदा कळतं की जे आपल्याला दिसतं ते कागदावर आलेलंच नाही. शिक्षकांनी समासात 'अधिक तपशील हवा' असं शंभरदा लिहिलं तरी हे कळत नाही.

चौथ्या तासाला त्या प्रश्नांची उत्तरं मजकुरात घालायची, पाचव्याला शुद्धलेखन आणि स्वच्छ प्रत. आठवड्याला ३५ मिनिटांचे दोन तास काढता आले तर एक फेरी अडीच आठवड्यांत होते. वर्गाचे पाच गट करून प्रत्येक गटाची फेरी एक आठवडा मागेपुढे सुरू केली की पत्रक दर आठवड्याला निघतं.

## आणि शुद्धलेखनाचं काय?

द्राक्षबाग ज्यांच्या घरी आहे त्यांना हे लगेच पटेल. बागेची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काड्या वाढू देतात. त्या काळात काडीतल्या डोळ्यांत, म्हणजे जिथून कोंब फुटतो तिथे, घड तयार होत असतो, बाहेरून दिसत नाही. ऑक्टोबरमधली फळछाटणी करण्याआधी अनेक बागायतदार काड्यांचे डोळे तपासून घेतात, घड कितव्या डोळ्यात आहे ते बघतात आणि मग कात्री कुठे लावायची ते ठरवतात. न बघता कात्री चालवली तर घडच कापला जातो.

पहिल्या खर्ड्यावर लाल पेन चालवणं म्हणजे घड न बघता केलेली छाटणी. ज्या शब्दाची वेलांटी चुकली तो शब्द मूल पुढच्या वेळी वापरतच नाही. 'दुतोंड्या'त चूक काढली की पुढच्या खर्ड्यात नुसतं 'मंदिर' येतं. वहीत चुका कमी झालेल्या दिसतात, पण मजकूर कोरडा पडलेला असतो.

छाटणी करायचीच आहे, पण ऑक्टोबरची, म्हणजे स्वच्छ प्रतीच्या आधी. तीही एका फेरीत एक-दोन नियमांची. या फेरीत फक्त शब्दाच्या शेवटी येणाऱ्या इकार-उकाराचा नियम बघू: पाटी, वाळू, कवी, गुरू, सगळे दीर्घ, 'आणि' मात्र ऱ्हस्व. मूल तो नियम आपल्याच मजकुरात शोधतं आणि सुधारतं. पुढच्या फेरीत दुसरा. भिंतीवर मित्र वाचणार आहेत आणि चुकीच्या जागी अडखळणार आहेत, हे कारण मुलांना गुण कापण्यापेक्षा लवकर समजतं.

## घरची बोली चालेल का?

सटाणा-मालेगावकडे अहिराणी, सुरगाणा-पेठकडे कोकणा, आणि शाळेत प्रमाण मराठी. मुलाला वाटतं, घरची भाषा चुकीची आहे. मग ते ज्या भाषेत विचार करतं ती बाजूला ठेवून अर्धवट येणाऱ्या भाषेत लिहायला बसतं. आवाज हरवण्याचं आपल्या नाशिक जिल्ह्यातलं हे फार मोठं कारण आहे, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं.

उपाय अवघड नाही. माणसं जे बोलली ते जसं बोलली तसंच लिहायचं. आजी 'माले' म्हणाली असेल तर 'मला' करायचं नाही. मुलाची स्वतःची वाक्यं पाचवीत बोलीत आली तरी चालतील, आठवीपर्यंत ती हळूहळू प्रमाण भाषेकडे येतात. अनोळखी शब्दांचा अर्थ मुलाने तळाशी दोन ओळींत द्यावा. हा शब्दार्थ लिहिताना मूल दोन भाषा शेजारी ठेवून बघतं, तेव्हा प्रमाण भाषाही पक्की होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असंच सुचवलं आहे.

दोन शाळांनी आपले मजकूर महिन्यातून एकदा पाकिटात घालून एकमेकींना पाठवले तर याचा उपयोग दुपटीने होतो. सुरगाण्याच्या मुलीला नागलीची भाकरी थापताना पीठ कसं मळायचं हे नाशिकरोडच्या मुलाला समजेल असं लिहावं लागतं. नोट प्रेसमधली रात्रपाळी संपवून वडील सकाळी घरी आले की घरात कुजबुजत का बोलतात, हे त्याला तिला सांगावं लागतं. दोघांनाही पाहुणा मिळतो, रस्ता माहीत नसलेला.

## 'आमच्या मुलाकडे सांगण्यासारखं काही नाहीच'

हे वाक्य जास्त करून त्याच मुलांबद्दल ऐकू येतं ज्यांच्याकडे सांगण्यासारखं सर्वांत जास्त असतं. पेठ-सुरगाण्याहून आईवडिलांबरोबर दिंडोरी-निफाडच्या बागांवर जाणाऱ्या मुलाला वेलीवर काम कसं चालतं हे वर्गातल्या कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक असतं. त्याला 'सहलीचं वर्णन' जमत नाही, कारण तो सहलीला गेलेला नसतो.

अशा मुलाला 'काय लिहिशील?' असं विचारू नका. 'तुझ्या हाताला काय येतं?' असं विचारा. मग 'ते करताना नवखा माणूस पहिली चूक कोणती करतो?' या दुसऱ्या प्रश्नावर बहुतेक मुलं बोलायला लागतात. बोललेलं शिक्षकांनी किंवा वरच्या इयत्तेतल्या मुलाने शब्दशः उतरवून द्यावं आणि मुलाला वाचून दाखवावं. आपलं बोलणं कागदावर तसंच उभं आहे हे पाहिल्यावर पुढची ओळ ते स्वतः लिहितं. दोन शिक्षकांच्या शाळेत पहिली-दुसरीची मुलंही याच रीतीने पत्रकात येतात: लहान सांगतात, मोठे लिहून घेतात.

## वाचणाऱ्यांनी काय लिहायचं?

पत्रकाशेजारी एक खोका आणि कोऱ्या चिठ्ठ्या ठेवा, पत्त्याच्या पानाएवढ्या. प्रत्येक मुलाने आठवड्याला दोन चिठ्ठ्या लिहायच्या. नियम असा की चिठ्ठीत मजकुरातले निदान तीन शब्द जसेच्या तसे यायला हवेत आणि एक प्रश्न हवा. 'खूप छान' एवढंच लिहिलेली चिठ्ठी परत. 'मग कुणी बोलत नाही असं लिहिलंस, तेव्हा तू काय करतोस?' अशी चिठ्ठी मिळाली की लिहिणारा धावत उत्तर लिहितो, आणि ते उत्तर कित्येकदा मूळ मजकुरापेक्षा जिवंत असतं. चिठ्ठ्या आधी शिक्षकांनी वाचाव्यात. टोचणारी चिठ्ठी भिंतीवर जाता कामा नये.

## काय बिघडतं?

भित्तिपत्रकं सुरू होतात आणि दिवाळीपर्यंत बंद पडतात. पहिलं कारण, चांगल्या अक्षराच्या चार-पाच मुलांचंच लागत राहतं आणि बाकीचे बघायचंही सोडतात. पाळी म्हणजे पाळी, तिथे निवड नाही. दुसरं, मजकूर घरून लिहून आणायला सांगितला की पालक लिहितात. 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' अशी सुरुवात दिसली की ते ओळखावं. सगळं लेखन शाळेतच झालं तर हा प्रश्न येत नाही. तिसरं, पाहुणे येणार म्हणून एका आठवड्यात पत्रक सजवलं जातं, मखर लागतं, आणि पुढे सजावटीला वेळ नाही म्हणून पत्रकच निघत नाही. सजावट अजिबात नको.

एक गोष्ट याहून गंभीर आहे. मोकळं लिहायला मिळालं की मुलं घरातलंही लिहितात: वडिलांचं दारू पिणं, मारहाण, भीती. असा मजकूर भिंतीवर लावू नये आणि मुलाला रागावूही नये. बाजूला बसवून 'हे मी वाचलं, हे आपल्या दोघांत राहील, दुसरं काय लावू या?' असं विचारावं. मूल धोक्यात आहे असं वाटलं तर मात्र आपल्या दोघांत ठेवायचं नाही. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे, तिथे कळवावं, आणि हे आपण करतो आहोत असं मुलाला आधी सांगावं.

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो टाकायची घाईही नको. मुलाचं पूर्ण नाव, शाळा आणि घरची गोष्ट एकत्र बाहेर गेली की परत घेता येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सर्वांना बालकच धरलं आहे आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते असा त्याचा रोख आहे. भिंतीवर पहिलं नाव पुरे.

## मोबाइलने लिहून दिलं तर?

हे साधन प्रचंड मजकुरावरून पुढचा शब्द कोणता असण्याची शक्यता जास्त आहे याचा अंदाज बांधत लिहितं. सगळे जसं लिहितात तसं लिहिण्यात ते तरबेज असतं, म्हणून हिरवा शालू त्याला सहज जमतो. पण त्या दिवशी पाणी मारुतीच्या कमरेला होतं आणि आई दुकानात आली, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. तिसऱ्या तासाला जोडीदाराने 'खोकी कुठे ठेवली?' असं विचारलं की उसन्या मजकुराचं पितळ लगेच उघडं पडतं. शिक्षकांना पोलीसगिरी करावी लागत नाही.

## पण परीक्षा तर निबंधाचीच आहे

प्रश्न रास्त आहे. दहावीपर्यंत प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन, बातमी, कथा असे प्रकार येतात. त्यांचे आराखडे शिकवावे लागतात आणि ते सहा-आठ तासांत शिकवून होतात. बातमी कशी सुरू होते, पत्रात पत्ता कुठे येतो, हे नियम आहेत. आराखड्यात भरायचं काय, हे मात्र सहा तासांत येत नाही, त्याला पाचवीपासूनची फेरी लागते. आत्मकथनाच्या शंभर उत्तरपत्रिकांत 'मी फाटलेलं पुस्तक बोलतोय' सारखंच असतं. त्यात एखादं पुस्तक नेमक्या कोणत्या पानावर आणि कशाने फाटलं हे सांगतं, तेव्हा तपासणारा थांबून वाचतो.

## आवाज आला हे कळणार कसं?

दर पाच आठवड्यांनी, सगळ्यांची एक पाळी झाली की, आठ मजकूर नावं झाकून वर्गात वाचून दाखवा आणि कुणाचा ते मुलांना ओळखायला सांगा. अक्षरावरून ओळखू नये म्हणून शिक्षकांनीच मोठ्याने वाचावं. पहिल्या फेरीत एक-दोनच ओळखू येतील. डिसेंबरपर्यंत मुलं दुसऱ्या ओळीतच नाव घ्यायला लागतात, आणि ज्याचं नाव घेतलं त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

जे मूल कुणालाच ओळखता आलं नाही, त्याचं नाव त्याच दिवशी वहीत टिपून ठेवा. पुढच्या फेरीत यादीच्या तासाला आधी त्याच्याजवळ जाऊन बसायचं आहे.